लाल फडकं: सामोआतली दोन बाळं, थांबलेली लस आणि गोवराची साथ

गोवराची लस कुपीत कोरडी असते. तळाशी भुकटीची एक फिकट चकती, एवढंच. टोचण्याआधी दुसऱ्या कुपीतलं पाणी, म्हणजे डायल्युएंट, सिरिंजमध्ये ओढून त्या भुकटीत सोडायचं, कुपी हलक्या हाताने फिरवायची, भुकटी विरघळली की बाळाच्या दंडात टोचायची. आपल्याकडच्या कुठल्याही उपकेंद्रातल्या सिस्टरला विचारा, हे काम ती झोपेतही करील. घोळ होतो तो बहुतेक तिथेच. हजार वेळा हातून बरोबर झालेलं काम हजार-एकाव्या वेळी माणूस लेबल वाचून करतोच असं नाही.

6 जुलै 2018, शुक्रवार. दक्षिण प्रशांत महासागरातल्या सामोआ देशात सवाई नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सफोतू गावातल्या दवाखान्यात त्या दिवशी एक वर्षाच्या दोन बाळांना एमएमआर लस टोचली. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्ही आजारांवरची ही लस जगभरात कोट्यवधी मुलांनी घेतलेली आहे. सफोतूतली ती दोन्ही बाळं मात्र टोचल्यावर काही मिनिटांतच गेली.

पुढे न्यायालयात जे उघड झालं ते थोडक्यात असं. लसीच्या भुकटीत पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं भुलीचं औषध मिसळलं गेलं होतं, आणि त्याची मुदतही संपलेली होती. शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात तेव्हा रुग्णाचा श्वास यंत्रावर चालू असतो, कारण या औषधाने श्वासाचे स्नायूच थांबतात. लसीकरणाच्या टेबलावर बसलेल्या बाळाला असं यंत्र कुठून असणार? दोन परिचारिकांनी गुन्हा कबूल केला. ऑगस्ट 2019 मध्ये दोघींना प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा झाली.

लस निर्दोष होती, पाणी चुकलं होतं. हे वाक्य लिहायला अर्धा मिनिट लागतो. सामोआच्या न्यायालयात ते अधिकृतपणे नोंदलं जाईपर्यंत मात्र एक वर्षाहून जास्त काळ गेला, आणि त्या काळात काय काय घडलं तेच हे प्रकरण.

लस थांबवली

सरकारने देशभरातली एमएमआर थांबवली. त्याला मी चूक म्हणणार नाही. दोन बाळं एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात, एकाच लसीनंतर गेली तर पहिल्या तासाला कुणालाच कारण ठाऊक नसतं. साठ्यातच खोट असेल तर तोच साठा दुसऱ्या गावात दुसऱ्या बाळाला टोचला जाईल. हात थांबवायचे, कुप्या सील करायच्या, तपासायच्या. जगातली कुठलीही शहाणी यंत्रणा हेच करील.

पण हे थांबणं किती दिवसांचं? सामोआत ते सुमारे दहा महिने चाललं.

लसीकरणानंतर काही विपरीत घडलं की त्याची कारणं तपासण्याची जागतिक आरोग्य संघटनेची एक ठरलेली चौकट आहे. लसीच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे झालं का, लस बनवताना दोष राहिला का, लस देताना चूक झाली का, सुईच्या भीतीने किंवा ताणाने झालं का, की दुसऱ्याच आजाराने योगायोगाने त्याच दिवशी गाठलं, असे पाच कप्पे. सफोतूचं प्रकरण तिसऱ्या कप्प्यातलं, देण्यातल्या चुकीचं. हा कप्पा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, कारण यात धोका लसीबरोबर गावोगावी फिरत नाही. तो त्या टेबलापाशी, त्या फ्रीजपाशी असतो. म्हणजे फ्रीज सुधारला, टेबलावरची शिस्त सुधारली की बाकी देशाची लस पुन्हा सुरू करता येते. परिचारिकांवर आरोप ठेवले गेले तेव्हा तरी सरकारला एवढं समजलेलं असणार. तरीही लस बंदच राहिली.

बंद दवाखाना हेच एक निवेदन असतं. सरकार तोंडाने काहीही म्हणो, लस अजून बंद आहे म्हणजे काहीतरी आहे, असंच आई मनाशी म्हणते. त्यात तिचं काय चुकतं?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळल्यावर दोन परिचारिकांच्या शिक्षेकडे बघण्याची माझी नजर बदलली. सप्टेंबर 2014 मध्ये सीरियातल्या इदलिब प्रांतात गोवर लसीकरणाची मोहीम चालू होती. तिथेही गोवराच्या लसीत पाण्याऐवजी ॲट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं. कमीत कमी 15 मुलं दगावली. दोन्हीकडच्या कुप्या छोट्या, काचेच्या, आत रंगहीन द्रव. वरवर पाहता एक दुसरीची बहीण. चार वर्षांच्या अंतराने, दोन महासागरांपलीकडे, वेगळी भाषा बोलणाऱ्या लोकांकडून तीच चूक होते, तेव्हा ती एखाद्या बाईच्या निष्काळजीपणापुरती राहत नाही. जी औषधं एकत्र ठेवायचीच नसतात ती एकत्र ठेवली गेली होती. लसीच्या फ्रीजमध्ये लस आणि डायल्युएंट यांच्याशिवाय काहीही ठेवायचं नाही, हा नियम आपल्याकडच्या शीतसाखळीच्या, म्हणजे लस थंड राखण्याच्या व्यवस्थेच्या, प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. तो पहिल्याच दिवशी का सांगतात हे मात्र क्वचित सांगतात. इदलिब आणि सफोतू ही त्याची कारणं आहेत.

आधीच विरलेलं कापड

सगळा दोष जुलै 2018 वर टाकणं सोयीचं आहे, पण तितकं खरं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार सामोआत 2013 साली सुमारे 90 टक्के बाळांना गोवराचा पहिला डोस मिळत होता. 2018 मध्ये हा आकडा 31 टक्क्यांवर आला. एवढी घसरण एका वर्षाची नव्हे. सफोतूच्या आधीही आकडे खाली येतच होते. धागे आधीच विरले होते, जुलैमध्ये कापड फाटलं.

सामोआच्या गावांत बायकांच्या समित्यांची मोठी परंपरा आहे. कोमिती तुमामा म्हणतात त्यांना. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून या समित्या बाळांची वजनं करायच्या, घराभोवतीची स्वच्छता तपासायच्या, परिचारिका गावात आली की आयांना गोळा करायच्या. गावात कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचं बाळ अशक्त आहे, हे या समितीला कार्यालयातल्या रजिस्टरच्या आधी ठाऊक असायचं. आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडीताई मिळून जे करतात, त्याच्याशी हे बरंच जुळतं. लसीवरचा विश्वास खरं तर याच बायकांवरचा विश्वास असतो. कुठल्या आईने कधी लसीच्या चाचणीचे निष्कर्ष वाचून बाळाला पुढे केलंय? ती समोरच्या ताईकडे बघून पुढे करते.

म्हणून ताईला काय सांगावं हेच जेव्हा दहा महिने कुणी ठरवत नाही, तेव्हा ताईही गप्प बसते. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ गाव आपल्या परीने लावतं.

ती जागा भरायला माणसं टपलेलीच होती. समाजमाध्यमांवर लसविरोधी मजकूर फिरू लागला. जून 2019 मध्ये अमेरिकेतले लसविरोधी प्रचाराचे सर्वांत ओळखीचे चेहरे रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर सामोआत येऊन गेले आणि तिथल्या लसविरोधी कार्यकर्त्यांना भेटले. पुढे साथ ऐन भरात असताना, नोव्हेंबर 2019 मध्ये, त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून लसच सदोष असावी अशी शंका मांडली. मुलं मरत असताना. हेच केनेडी 2025 मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री झाले. साथीतली आपली कुठलीही जबाबदारी ते नाकारतात.

माझं मत विचाराल तर केनेडींना या कथेतला खलनायक करून मोकळं होणं फार सोपं आहे. घर उघडं टाकून गेल्यावर चोर आला तर चोर दोषी आहेच, पण कडी कुणी लावली नव्हती तेही विचारावं लागतं.

ऑकलंडहून आलेलं

2019 मध्ये न्यूझीलंडमध्ये गोवराची साथ होती. दोन हजारांहून जास्त रुग्ण, त्यांतले बहुतेक ऑकलंडमधले. ऑकलंड आणि सामोआची राजधानी आपिया यांच्यामधला विमानप्रवास म्हणजे सामोआच्या लोकांसाठी पुण्याचा माणूस मुंबईला जाऊन यावा तसा. अर्धी भावंडं तिकडे, लग्नं इकडे, अंत्यविधी इकडे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास गोवर सामोआत पोहोचला. 16 ऑक्टोबरला साथ जाहीर झाली.

गोवर किती पसरतो याची आपल्याकडे फारशी जाणीव नसते. त्याचं कारण आपली भाषाच आहे. गोवर-कांजिण्या असं एका दमात म्हणायचं, गोवर अंगावर फुटला की बरं, कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा, सगळ्यांनाच येतो आणि जातो. जुन्या पिढीत सगळ्यांनाच यायचा हे खरं. सगळ्यांचा जायचा नाही. जो गेला त्याची गोष्ट सांगायला कुणी उरत नव्हतं. एकही माणूस सुरक्षित नसेल अशा वस्तीत गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना आजार देतो. तो खोलीतून बाहेर पडल्यावरही त्याचे विषाणू सुमारे दोन तास हवेत राहतात. म्हणूनच गोवर रोखायला शंभरातली 95 मुलं सुरक्षित असावी लागतात. सामोआत 31 होती. हिशोब संपला.

गोवर स्वतः मारतो त्यापेक्षा जास्त त्याच्या मागून येणारा न्यूमोनिया मारतो. शिवाय गोवर शरीराची जुनी प्रतिकारस्मृतीही पुसतो. पूर्वी झालेल्या आजारांविरुद्ध शरीराने जे कमावलेलं असतं, त्यातलं बरंच विसरायला लावतो. सामोआत दगावलेली बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली होती. पहिल्या 70 मृत्यूंपैकी 61 या वयाची. 15 वर्षांच्या वरचे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

जानेवारी 2020 च्या सुरुवातीला आकडा 5,700 रुग्ण आणि 83 मृत्यू असा होता. देशाची लोकसंख्या जेमतेम दोन लाख, आपल्याकडचा एक मध्यम तालुका. हेच प्रमाण महाराष्ट्राच्या 2011 च्या जनगणनेतल्या लोकसंख्येला लावलं तर सुमारे 46 हजार मृत्यू होतात. चार महिन्यांत, एका आजाराने, तोही ज्याची लस 1963 पासून जगाकडे आहे.

न्यूझीलंडमधल्या लोकांनी लहान मुलांच्या मापाच्या शवपेट्या बनवून पाठवल्या. त्यांवर फुलपाखरं आणि फुलं चिकटवली होती.

सामोआच्या लोकांना यातलं एक नातं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 7 नोव्हेंबर 1918 रोजी ऑकलंडहूनच तालुने नावाचं जहाज आपियाला लागलं होतं. त्यावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते. सामोआवर तेव्हा न्यूझीलंडचं राज्य होतं, आणि त्या प्रशासनाने जहाज अडवलं नाही. काही आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसं गेली, लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजं अडवली, तिथे एकही मृत्यू झाला नाही. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी या आणि इतर गोष्टींबद्दल 2002 मध्ये माफी मागितली. ज्या देशाच्या आजी-पणजीने हे पाहिलंय, तिथे आजाराची भीती कमी नव्हती. भीती होती, पण ती सुईकडे वळली होती.

दारावरचं लाल फडकं

नोव्हेंबरच्या मध्याला पंतप्रधान तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई यांच्या सरकारने आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद, 17 वर्षांखालच्या मुलांना सार्वजनिक कार्यक्रमांत बंदी, लस सक्तीची. ख्रिसमसचे कार्यक्रम रद्द झाले. सामोआसारख्या देशात ख्रिसमस रद्द होणं म्हणजे कोकणात गणपती रद्द होणं.

मग 5 आणि 6 डिसेंबर. सगळा देश दोन दिवस बंद. सरकारी कर्मचाऱ्यांना नेहमीचं काम थांबवून लसीकरणाला लावलं. लोकांनी घरात थांबायचं. घरात कुणाची लस राहिली असेल तर घरासमोर लाल फडकं किंवा लाल झेंडा लावायचा, पथक दारात येऊन टोचेल. आपियाचे रस्ते रिकामे होते आणि घराघरांच्या कुंपणांवर, खांबांवर, झाडांवर लाल कापडं लटकत होती. 7 डिसेंबरला संचारबंदी उठली, तेव्हा जवळजवळ 90 टक्के लोकांपर्यंत पोहोचल्याचा सरकारचा अंदाज होता. 22 डिसेंबरपर्यंत तो 94 टक्क्यांवर गेला. लसीकरणाला विरोध करणाऱ्या एका कार्यकर्त्याला अटकही झाली.

या दरम्यान पर्यायी उपचारांचा बाजार जोरात होता. क्षारीय पाणी मुलांच्या अंगावर फवारणारे होते, पपईच्या पाल्याचे काढे होते, अ जीवनसत्त्व म्हणजे लसीला पर्याय असं सांगणारे होते. अ जीवनसत्त्व गोवराच्या रुग्णाला खरोखर देतात, दवाखान्यातच देतात. त्याने डोळ्यांचं आणि जिवाचं नुकसान कमी होतं. पण ते आजार झाल्यावर द्यायचं औषध आहे. अर्धं सत्य पसरवणं सोपं जातं ते असं. ऐकणाऱ्याला कुठेतरी ते खरं असल्याचं माहीत असतं.

आकड्यांपुरतं बोलायचं तर लाल फडक्याने काम केलं. साथ ओसरली. जगातली माध्यमं ते फडकं बघून हळवी झाली. मला मात्र त्या फडक्यात एक दुसरी गोष्ट दिसते. दहा महिने सरकारने लसीपासून दूर ठेवलेल्या आईला आता तेच सरकार आपल्या दारावर चूक टांगून दाखवायला सांगत होतं. बाळाला लस नाही हे तिचं अपयश म्हणून जगजाहीर. दहा महिने लस बंद ठेवली त्या कार्यालयाच्या दारावर कुणी फडकं लावलं नाही. साथीच्या तोंडावर सक्ती करावी लागते, मी तिच्या विरोधात नाही. डिसेंबरमध्ये दुसरा मार्ग उरला नव्हता. पण सक्तीने मिळवलेले 94 टक्के म्हणजे परत आलेला विश्वास, असं कुणी म्हणू लागलं तर मी मान डोलावणार नाही. डिसेंबरमध्येच सामोआच्या संसदेने शाळाप्रवेशासाठी लसीकरण बंधनकारक करणारी कायदादुरुस्तीही केली. म्हणजे विश्वासाचं काम पुन्हा कायद्यावर सोपवलं.

शेजारचा टोंगा देश बघितला की फरक उघडा पडतो. ऑक्टोबर 2019 मध्ये न्यूझीलंडहून परतलेल्या शालेय रग्बी संघाबरोबर गोवर तिथेही गेला. काहीशे रुग्ण झाले. मृत्यू एकही नाही. हवामान तेच, समुद्र तोच, विमानं त्याच ऑकलंडहून. टोंगात लसीकरण 99 टक्क्यांच्या आसपास होतं. विषाणू लागला तो बहुतेक मोठ्या मुलांना, जी आजारातून उठू शकतात. तान्ह्यांपर्यंत पोहोचायला त्याला फारशी वाट सापडली नाही.

आपल्या घरातल्या बाटल्या

एका बाटलीची चूक अख्ख्या लसीच्या माथी मारली जाण्याचा पहिला मोठा धडा आपल्या परळमध्ये लिहिला गेला आहे, आणि तो सामोआच्याही शंभर वर्षं आधीचा. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ती 107 जणांना टोचली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने गेले. सगळे 19 एकाच बाटलीतली लस घेतलेले. बोट परळच्या प्रयोगशाळेकडे दाखवलं गेलं आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. नंतर समोर आलं ते असं की बाटलीचं बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. मलेरिया डासांतून पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासारखी माणसं 1907 मध्ये वर्तमानपत्रातून हाफकिन यांच्या बाजूने उभी राहिली तेव्हा त्यांचं नाव धुऊन निघालं. पाच वर्षं. आज परळची संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते, पण प्लेगच्या लसीवरचा तो डाग त्या पाच वर्षांत पंजाबात किती जणांच्या मनात राहिला असेल, कुणी मोजलं नाही.

अलीकडचं उदाहरण यवतमाळचं. 31 जानेवारी 2021, पल्स पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. करोनाचा काळ, प्रत्येक टेबलावर सॅनिटायझरची बाटली होतीच. मुलांना दवाखान्यात दाखल केलं आणि ती सगळी वाचली. सफोतूशी तुलना करताना हा फरक विसरू नये: मुलं वाचली. मरण समोर नसताना शांत राहणं सोपं असतं. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. चूक काय झाली ते एक-दोन दिवसांत उघड सांगितलं गेलं. गोंधळ बाटलीचा होता, पोलिओच्या लसीचा नव्हता, हे बातम्यांतून स्पष्ट होतं. राज्यातली पोलिओ मोहीम बंद पडली नाही.

आपल्या शीतसाखळीतले काही नियम कटकटीचे वाटतात. विरघळवलेल्या गोवर-रुबेला लसीच्या कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांनी ती टाकून द्यायची, मग आत पाच डोस उरले असले तरी. डायल्युएंट त्याच कंपनीचं हवं, लसीच्याच बरोबर थंड केलेलं हवं. वापरलेल्या कुप्या लगेच फेकायच्या नाहीत, 48 तास जपून ठेवायच्या. टोचल्यावर बाळाला अर्धा तास थांबवायचं. सत्राच्या गर्दीत, पन्नास आया रांगेत, एक बाळ रडायला लागलं की दहा रडतात, त्यात 48 तासांच्या कुप्यांचं काय घेऊन बसलात असं सिस्टरला वाटलं तर समजण्यासारखं आहे. पण त्याच रिकाम्या कुप्या जपून ठेवल्या तर काय मिसळलं गेलं ते वर्षाने न्यायालयात कळण्याऐवजी त्याच संध्याकाळी कळू शकतं.

लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, पुढे काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा, पुढच्या वेळी घेऊन या. यातली दुसरी सर्वांत जास्त वेळा गिळली जाते. घाबरतील म्हणून. ताप येईल असं आधी सांगितलेला ताप आई सहन करते. न सांगितलेला ताप ती शेजारणीला सांगते.

सफोतूच्या दुसऱ्या दिवशी

प्रशिक्षणात या प्रकरणावर चर्चा झाली की शेवटी कुणीतरी विचारतंच, पोलिस तपास चालू असताना बोलणार तरी काय? म्हणून 7 जुलै 2018 ला सामोआच्या आरोग्य खात्याने काय म्हणता आलं असतं, त्याचा हा एक मसुदा. माझा, कल्पनेतला:

"काल सफोतूच्या दवाखान्यात लस दिल्यानंतर दोन बाळं गेली. कारण लस आहे, लसीत मिसळलेलं पाणी आहे की आणखी काही, हे आज आम्हाला माहीत नाही. देशातलं एमएमआर लसीकरण आम्ही थांबवलं आहे. त्या दवाखान्यातल्या सगळ्या कुप्या सील केल्या आहेत. याआधी तुमच्या बाळाला एमएमआर दिली असेल आणि ते ठीक असेल, तर त्याला आता त्या लसीचा धोका नाही. पुढच्या शुक्रवारी याच वेळी आम्ही पुन्हा बोलू. काही नवीन कळलं नसलं तरी बोलू."

आणि आरोप ठेवले गेले त्या दिवशीचा दुसरा:

"चूक आमच्या दवाखान्यात झाली. लसीच्या भुकटीत पाण्याऐवजी दुसरं औषध मिसळलं गेल्याचा आरोप आहे, कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. लसीच्या फ्रीजमधून बाकी सगळी औषधं आजपासून बाहेर. डायल्युएंट लसीच्याच खोक्यात राहील. सोमवारपासून लसीकरण पुन्हा सुरू होत आहे. टोचण्याआधी दोन्ही कुप्या आईच्या हातात द्यायच्या आणि त्यांवरचं नाव तिने वाचायचं. तिला वाचता येत नसेल तर परिचारिका मोठ्याने वाचून दाखवेल."